पारा 39च्या वर, कॅन पत्र्याखाली

जानेवारीतली सकाळ होती, सात वाजले असतील. सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या एका रंगखान्यात मी उभा होतो. तिथले रंगाईचे मास्तर माझे जुने विद्यार्थी. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे काही अडलं की ते बोलावतात आणि मीही आवडीने जातो. टॉवेलच्या सुताचा लाल रंग घेतलेला लॉट मशीनमध्ये धुऊन तयार होता, आता त्यात अ‍ॅसिड टाकायचं होतं. कामगाराने 35 किलोचा निळा कॅन तिरपा केला, तर एक थेंब बाहेर येईना.

"सर, अ‍ॅसिटिक दगड झालंय बघा," तो म्हणाला.

एवढ्यात दुसरा एक पोरगा घमेल्यात चिंध्या पेटवून घेऊन आला. कॅनला जरा शेक द्यायचा, की होतं पातळ. दर थंडीत असंच करतात म्हणे. मी घमेलं बाहेर न्यायला लावलं. मास्तर ओशाळले, पण त्यांचा प्रश्न रास्त होता: मग करायचं काय? लॉट तर थांबलाय.

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे, फक्त ते जानेवारीपुरतं पुरत नाही. कारण तोच कॅन मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीलगत, पत्र्याखाली ठेवलेला मी पाहिला होता. बाहेर 43 अंश होतं आणि त्यात वावगं काही आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. थंडीत गोठलेला कॅन डोळ्यांना दिसतो. उन्हाळ्यात त्याच्या आत काय होतं ते दिसत नाही.

आधी हे अ‍ॅसिड रंगखान्यात कशाला लागतं ते पाहू. सोलापूरच्या टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्यांचं बरंचसं सूत रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी रंगतं. हा रंग सुताला घट्ट धरावा म्हणून सोडा अ‍ॅश घालून पाणी चांगलंच अल्कधर्मी करावं लागतं, पीएच साधारण 11पर्यंत नेतात. रंग बसल्यावर हा सोडा सुतात राहिला तर स्पर्श खरखरीत होतो आणि रंगही हळूहळू सुटू लागतो. म्हणून शेवटी अ‍ॅसिड टाकून सूत उदासीन करायचं. इथे गंधकाम्ल वापरलं तर सूत सुकताना पाणी उडून जातं, अ‍ॅसिड मागे राहून तीव्र होत जातं आणि धागा कुजल्यासारखा तुटू लागतो. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड मात्र सुकताना स्वतःच उडून जातं. सुताच्या दृष्टीने हा त्याचा मोठा गुण, पण माणसाच्या दृष्टीने धोका तिथूनच सुरू होतो, कारण जे सुतावरून उडतं ते कॅनमधूनही उडतं.

स्वयंपाकघरातलं व्हिनेगर म्हणजे हेच अ‍ॅसिड, पण तिथे ते 4-5 टक्के असतं. कॅनमधलं 99 टक्क्यांच्या वर. त्याला ग्लेशियल, म्हणजे बर्फासारखं, म्हणतात कारण 16.6 अंश सेल्सिअसला ते गोठून त्याचे काचेसारखे स्फटिक होतात. सोलापूरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेला तेवढी थंडी सहज पडते.

आणि दुसरा आकडा 39. या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर एवढी वाफ जमते, की ठिणगी मिळाली तर ती भप्पकन पेट घेते. याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. हा आकडा कुठून येतो तेही सांगतो, कारण मला स्वतःला तो हिशेब फार बोलका वाटतो. अ‍ॅसिटिकची वाफ हवेत सुमारे 4 टक्के झाली की ते मिश्रण जळू शकतं. 20 अंशाला बंद कॅनमध्ये द्रवाच्या वरच्या हवेत वाफ असते सुमारे दीड टक्का, म्हणजे पेटायला अपुरी. तापमान वाढेल तशी वाफ भराभर वाढते, आणि 40 अंशाला ती साडेचार टक्क्यांच्या आसपास पोचते. रेषा ओलांडली गेली. कॅनला कुणी आग दाखवली नाही, कुणी तो चुलीवर ठेवला नाही. फक्त मे महिना आला.

थंड देशांत तयार झालेल्या सुरक्षा पत्रकांवर 39 हा आकडा वाचताना वाटतं, की द्रव मुद्दाम तापवला तरच तो धोका. आपल्याकडे एप्रिल-मेची दुपार तेवढी असतेच, आणि पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाच्या भिंतीला टेकलेल्या कॅनमध्ये तर त्याहून जास्त. म्हणजे या रसायनाचे दोन्ही आकडे, 16.6 आणि 39, सोलापूरच्या एका वर्षाच्या हवामानात मावतात. एकच कॅन वर्षभरात दोनदा स्वभाव बदलतो आणि आपण त्याला बारा महिने एकाच जागी, एकाच पद्धतीने हाताळतो. माझं म्हणणं मुख्यतः एवढंच आहे.

त्या वाफेबद्दल आणखी एक. ती हवेपेक्षा दुपटीने जड असते. वर जाऊन पत्र्याच्या फटीतून निघून जाईल असं समजू नये. ती जमिनीलगत, गटाराच्या कडेने, खड्ड्यात पसरते. रंगखान्यात लाकडावरचा बॉयलर असतो, उघड्या पट्टीचे स्विचबोर्ड असतात, मोटारीत ठिणग्या उडतात, कोपऱ्यात कुणीतरी बिडी ओढत असतो, आणि वर सगळीकडे कापसाची तूस बसलेली. 18 मे 2025च्या पहाटे याच एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जण गेले. त्यात लहान लेकरूही होतं. त्या आगीत या अ‍ॅसिडचा हात होता असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे कारखाना आणि घर एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे असतं, आग लागली तर ती निजलेल्या माणसांपर्यंत पोचते, हे त्या पहाटेपासून माझ्या मनातून गेलेलं नाही.

आता अंगावर सांडण्याचं. वर्गात आम्हीच शिकवतो की अ‍ॅसिटिक हे सौम्य अ‍ॅसिड आहे. 'सौम्य' या शब्दाने फार नुकसान केलं आहे. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की पाण्यात त्याचे थोडेच रेणू फुटून आयन होतात, बाकीचे अख्खे राहतात. गंमत नव्हे, त्रास असा की त्वचेच्या बाबतीत हे अख्खे, विद्युतभार नसलेले रेणूच जास्त आत शिरतात, कारण त्वचेचा स्निग्ध थर आयनांना अडवतो पण त्यांना वाट देतो. शिवाय सांडल्या सांडल्या फार जळजळ होईलच असं नाही. फोड अर्ध्या तासाने येतात, कधी चार तासांनीसुद्धा. एका रंगखान्यातल्या मामांच्या मांडीवर असंच उडालं होतं. त्यांनी फडक्याने पुसलं आणि पाळी संपेपर्यंत काम केलं. रात्री पँट सोलून काढावी लागली. मला कळलं तेव्हा आठवडा उलटला होता.

डोळ्यात गेलं तर बुबुळ कायमचं गढूळ होऊ शकतं. वाफेचा त्रास नाका-घशाला आणि छातीला होतो. बऱ्याच वर्षांच्या वाफेने पुढच्या दातांचं इनॅमल झिजतं, हातांची कातडी काळी आणि जाड होते. नोव्हेंबर 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाना अधिनियमाने आठ तासांच्या पाळीसाठी घातलेली मर्यादा होती हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग, आणि थोड्या मिनिटांसाठी 15. कॅनच्या तोंडाशी 20 अंशालाच वाफ दीड टक्का, म्हणजे दहा लाखांत 15,000 भाग. टोपण उघडून नाक जवळ नेऊन 'अ‍ॅसिटिकच आहे ना' अशी खात्री करणारे लोक मी रोज पाहतो. कृपा करून हे करू नका, चिठ्ठी वाचा.

अंगावर सांडलं तर उपाय पाणी, लगेच आणि भरपूर. कपडे, पट्टा, बूट काढून किमान 15-20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली. वरून सोडा चोळायचा नाही; त्याने जखमेवर रासायनिक क्रिया होते आणि वेळही जातो. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, जाताना जाळलं तेच येताना पुन्हा जाळतं. दवाखान्यात जाताना कॅनवरच्या चिठ्ठीचा फोटो सोबत न्यावा.

हे सगळं वाचायला सोपं आहे. पण 15 मिनिटं पाणी म्हणजे किती? आपत्कालीन शॉवरसाठी अमेरिकी मानक मिनिटाला सुमारे 75 लिटर धरतं. म्हणजे 1,100 लिटरच्या पुढे. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे हा आकडा ऐकून मालक माझ्याकडे बघतच राहतात. मी म्हणतो, तेवढं पाणी मावेल अशी एक टाकी फक्त यासाठी ठेवा. तिच्यातलं पाणी रंगाला घ्यायचं नाही, चहाला घ्यायचं नाही. आणि ती सावलीत ठेवा. छपरावरच्या काळ्या टाकीतलं मे महिन्यातलं पाणी हाताला सोसवत नाही, भाजलेल्या कातडीवर कोण 15 मिनिटं घेईल? त्याच मानकात पाण्याचं तापमान 16 ते 38 अंश असावं असं म्हटलं आहे. डोळ्यांसाठी फार लागत नाही, 15 मिनिटांना 25 लिटरच्या आत भागतं. तेवढं तर प्रत्येक रंगखान्याला जमेल.

हातमोज्यांचं थोडक्यात: पातळ रबरी किंवा दवाखान्यातले मोजे या अ‍ॅसिडला फार वेळ अडवत नाहीत. ब्युटाइल रबराचे सगळ्यात चांगले, निओप्रीनचे चालतात. सुती मोजे तर घालूच नयेत, ते अ‍ॅसिड शोषून कातडीला चिकटवून धरतात. पँटचे पाय गमबुटाच्या आत नाही, बाहेर. आत खोचले तर सांडलेलं बुटात साचतं. चष्मा बाजूने बंद असलेला हवा. आणि कॅन तिरपा करून ओतण्यापेक्षा हातपंप बरा, कारण ओतताना कॅन 'गटगट' करतो तेव्हाच शिंतोडे उडतात.

शेजारी काय ठेवलंय याकडे मात्र मी जास्त लक्ष देतो. ब्लीचिंगसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, त्यात हे मिसळलं तर पेरॅसिटिक अ‍ॅसिड हे तापट संयुग बनतं. कॉस्टिक सोड्यात पडलं तर उकळी फुटावी तसं उडतं. व्हॅट नावाच्या रंगांसाठी लागणाऱ्या हायड्रोजवर, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटवर, पडलं तर सल्फर डायऑक्साइड सुटतो. सगळ्यात वाईट म्हणजे हायपो, सोडियम हायपोक्लोराइट. अ‍ॅसिडशी गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो, आणि तोही जड. कॅन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवणारे लोकसुद्धा एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतात: सगळ्या मशीनचं पाणी एकाच गटारात जातं. एका बाजूने हायपोचा बाथ, म्हणजे मशीनमधलं द्रावण, सोडला आणि दुसऱ्या बाजूने अ‍ॅसिडचा, तर क्लोरीन गटारात तयार होतो आणि तो श्वासात जातो गटार साफ करणाऱ्याच्या.

आग लागलीच तर साधा फोम कामाचा नाही. हे अ‍ॅसिड पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे साध्या फोमचे बुडबुडे ते मोडून टाकतं. अल्कोहोलला टिकणारा फोम, कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड हवा. मोठ्या आगीवर पाण्याचा फवारा चालतो, जोराची धार नाही.

आता मास्तरांचा प्रश्न. गोठलेला कॅन आगीवर नाही, वाफेच्या पाइपखाली नाही. टोपण किंचित सैल करून 20-25 अंशाच्या खोलीत ठेवायचा, किंवा कोमट पाण्याच्या टबात उभा करायचा आणि वाट पाहायची. घाई का नको, त्याला कारण आहे. पाणी गोठताना फुगतं. हे अ‍ॅसिड उलट गोठताना आकसतं आणि वितळताना फुगतं. खालून शेक दिला तर तळाचा भाग वितळून फुगतो आणि वर घट्ट गोठलेली चकती असते. फुगलेल्याला जायला जागा नसते, मग कॅन फाटतो.

पण याहून चांगला उपाय आहे: ग्लेशियल ठेवूच नका. त्यात पाणी घालून 75 टक्क्यांवर आणलं की ते सोलापूरच्या कुठल्याही थंडीत गोठत नाही. वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 80 टक्क्यांच्या वरच्या अ‍ॅसिडला क्रमांक 2789 आणि दोन शिक्के मिळतात, दाहक आणि ज्वलनशील. 80च्या खाली आलं की क्रमांक 2790 होतो आणि ज्योतीचं चित्र निघतं. हातावर ठिबकणाऱ्या नळ्यांचं चित्र राहतं, कारण ते अजून भाजतंच. बाथमध्ये तरी आपण शेवटी हजार लिटरला अर्धा-एक लिटर एवढंच घालतो, मग तीव्र अ‍ॅसिड रोज हाताळायची गरज काय? अडचण भाड्याची आहे. पातळ अ‍ॅसिड विकत आणलं तर पाण्याचंही भाडं पडतं. म्हणून आणायचं ग्लेशियल, पण आल्याच दिवशी, गार वेळी, पंपाने, मोजे-चष्मा घातलेल्या एकाच जाणत्या माणसाने ते पाण्यात सोडून पातळ करायचं. धोक्याचं काम महिन्यातून एकदा होतं, रोज पाळीला नाही.

मास्तरांनी हे ऐकलं, पण जुने चार कॅन संपेपर्यंत तरी ग्लेशियलच होतं. त्यांनी कॅनच्या खोलीत एक थर्मामीटर टांगला. काचेवर लाल रंगाने दोन रेघा मारल्या, 17वर एक आणि 35वर दुसरी. वरच्या रेघेपलीकडे पारा असेल तोवर कॅन उघडायचा नाही, अ‍ॅसिडचं काम पहाटेच्या पाळीत उरकायचं, असं ठरलं. एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते आणि पारा 34वर होता. तो जानेवारीतला घमेलंवाला पोरगा दारात उभा राहून आत ओरडत होता, "अण्णा, आवरा लवकर, एकच अंश राहिलाय!"