चौकीची वाट: माचणूर ते लाहेरी

सोलापूरहून मंगळवेढ्याकडे निघालं की बेगमपूरच्या पुढे भीमा लागते आणि पलीकडे माचणूरचा किल्ला. बहुतेक जण सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन परततात, किल्ल्याकडे फारसं कुणी वळत नाही. १६९५ ते १६९९ या काळात मात्र औरंगजेबाचा सगळा कारभार इथून, ब्रह्मपुरीच्या छावणीतून चालत होता.

विजापूर १६८६ला पडलं, गोवळकोंडा १६८७ला, संभाजीराजांची हत्या झाली १६८९ला. कागदावर दख्खन बादशाही झाली होती. आता ती राखायची होती, आणि राखणदारी होती लहानलहान ठाण्यांकडे: एक ठाणेदार, थोडी शिबंदी, गढीच्या चार भिंती. दाणावैरण, दारूगोळा, पगाराची रोकड सगळं बाहेरून यायचं. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधवांनी हे नेमकं हेरलं. भिंतीला धडका देत बसण्यापेक्षा रसद आणि कुमक वाटेतच गाठायची, हा त्यांचा खाक्या. १६९२च्या अखेरीस जिंजीला वेढा घालून बसलेला मुघल सरदार झुल्फिकारखान स्वतःच वेढ्यात सापडला. धान्य संपत आलं आणि त्याला वांदिवाशला माघार घ्यावी लागली.

सगळ्यात बोलकं उदाहरण आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या दोड्डेरीचं. नोव्हेंबर १६९५मध्ये संताजीला अडवायला कासीमखान आणि खानाजादखान हे मुघल सरदार निघाले. संताजीने आधी त्यांचे पुढे पाठवलेले तंबू लुटले, मग फौजेला घेरलं. खान दोड्डेरीच्या गढीत शिरले. पण एवढ्या माणसांना पुरेल इतकं धान्य आत कुठून असणार? अफूची सवय असलेला कासीमखान तिथेच मेला. उरलेल्यांनी २० लाखांची खंडणी कबूल करून जीव सोडवला. मदतीला नेमलेला हिम्मतखान जानेवारी १६९६मध्ये बसवापट्टणजवळ मारला गेला.

पुढे कित्येक मुघल अंमलदार मराठ्यांना गुपचूप चौथ देऊन मोकळे होऊ लागले. मुघल चाकरीतल्याच लोकांनी हे लिहून ठेवलंय. बादशहाच्या लेखी ती फितुरी. पण कुमक येईल याची खात्री नसलेल्या ठाणेदाराला मी तरी दोष देणार नाही.

पुढे हेलिकॉप्टर आलं तरी चौकीपर्यंत रसद आणि कुमक पोहोचवायची अडचण तीच राहिली. अफगाणिस्तानात नूरिस्तानातल्या कामदेशजवळ अमेरिकी सैन्याची कीटिंग नावाची चौकी होती, डोंगरांच्या पायथ्याशी, अगदी खोलगट जागी. तिथवर रस्ता जात होता म्हणून जागा निवडलेली. ज्या अधिकाऱ्याचं नाव चौकीला मिळालं, तो २००६मध्ये त्याच रस्त्यावर ट्रक कोसळून गेला. ३ ऑक्टोबर २००९च्या हल्ल्यात तिथे ८ सैनिक मारले गेले. काही दिवसांतच अमेरिकेने चौकी सोडली आणि तिच्यावर स्वतःच बॉम्ब टाकले.

त्याच आठवड्यात, ८ ऑक्टोबरला, गडचिरोलीत लाहेरीजवळ माओवाद्यांनी १७ पोलिसांना मारलं. लाहेरीची चौकी शाबूत होती. घात झाला तो गस्तीवर. १ मे २०१९ला जांभुळखेड्याच्या रस्त्यावर भूसुरुंगात १५ जवान आणि गाडीचा चालक गेला.

सोलापूरच्या सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० आहे. राखीव बलाच्या कंपन्या गडचिरोलीच्या बंदोबस्तावर जातात, त्यामुळे ‘रोड ओपनिंग’ हा शब्द इथल्या पोलीस कुटुंबांना नवा नाही: गाडी सुटण्याआधी जवान पायी पुढे जाऊन रस्ता, पूल, मोऱ्या तपासतात. अलीकडे गडचिरोलीत नवी ठाणीच एकमेकांच्या जवळ उभारली जाताहेत. नोव्हेंबर २०२३मध्ये वांगेतुरीचं ठाणं एका दिवसात उभं राहिलं, जानेवारी २०२४मध्ये गर्देवाड्याचं. दोन ठाण्यांमधलं अंतर घटलं की कुमक पायी पोहोचू शकते.