ज्येष्ठमध, पाळीच्या कळा आणि मूत्रपिंडातलं एक कुलूप

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल एक सूचना काढली. पाळीत पोट दुखायला लागलं की आपल्याकडे जी गोळी सर्रास घेतली जाते, तिच्यातलं हे औषध. सूचना एका दुर्मीळ, पण गंभीर ॲलर्जीबद्दल होती: अंगावर पुरळ, ताप, क्वचित यकृत-मूत्रपिंडाला इजा. अशी लक्षणं दिसतात का इकडे लक्ष ठेवा, एवढंच तिचं म्हणणं. व्हॉट्सॲपवर फिरता फिरता तिचं ‘गोळ्या फेका, काढे प्या’ असं झालं. माझ्याकडे आलेल्या अशाच एका संदेशात आपल्या काढ्यांच्या पंगतीत एक चिनी काढाही बसवलेला होता आणि खाली ते ठरलेलं वाक्य: ‘पूर्णपणे नैसर्गिक, त्यामुळे साइड इफेक्ट शून्य.’

हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. काढ्यावर माझा राग नाही. उलट त्याच्या पोटात जीवरसायनशास्त्रातली एक इतकी सुरस गोष्ट दडलेली आहे, की ‘शून्य’ म्हणून तिची बोळवण झालेली बघवत नाही.

काढ्याचं नाव शाओयाओ-गान्काओ-तांग. चिनी काढ्यांत दहा-बारा वनस्पती सहज असतात. यात फक्त दोन. एक पिओनी या फुलझाडाचं सोललेलं मूळ आणि दुसरं ज्येष्ठमध. (तिकडे वापरतात ती ज्येष्ठमधाची जात आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातल्यापेक्षा वेगळी, पण कामाचं रसायन तेच.) इसवी सन २०० च्या सुमारास, हान राजवटीला उतरती कळा लागली असताना, झांग झोंगजिंग या वैद्याने तो आपल्या ‘शांग हान लुन’ या ग्रंथात लिहिला. तिथे तो पाळीसाठी नाहीच. पाय आखडून सरळ होईना झाला, तर द्यायचा. पुढच्या वैद्यांनी तो पिळवटून काढणाऱ्या इतर दुखण्यांनाही द्यायला सुरुवात केली, त्यात पाळीच्या कळाही आल्या. जपानने तो ‘शाकुयाकु-कान्झो-तो’ म्हणून उचलला. तिथले डॉक्टर आजही तो चिठ्ठीवर लिहून देतात आणि आरोग्यविम्यातून त्याचे पैसे मिळतात. दाणेदार पुड्या येतात. दिवसभराच्या पूर्ण मात्रेत दोन्ही मुळांचा, प्रत्येकी सहा ग्रॅमचा अर्क असतो. हे सहा ग्रॅम लक्षात ठेवा.

पाळीच्या कळा कशाने येतात, हे कळायला विसावं शतक निम्मं उलटावं लागलं. १९५७ मध्ये व्ही. आर. पिकल्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं, की पाळीच्या स्रावात स्नायूला आकुंचन पावायला लावणारा पदार्थ असतो. ती प्रोस्टाग्लँडिनं निघाली. पाळीआधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरलं, की गर्भाशयाच्या अस्तरात ती तयार होतात, गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा घटकाभर तुटतो आणि कळ येते. ज्यांना फार त्रास होतो त्यांच्या स्रावात ती जास्त सापडतात. ‘बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं’ म्हणणाऱ्यांनी (यात डॉक्टरही आले) एका मोजता येणाऱ्या रेणूला मुलीचा नाजूकपणा ठरवलं होतं! मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइमच अडवतात, म्हणून ती लागू पडतात.

काढ्याचं काय? जपानी प्रयोगशाळांत गर्भाशयाच्या स्नायूवर तो वापरून पाहिला तेव्हा प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती घटली. पण बशीतला स्नायू आणि जितीजागती बाई यांत अंतर असतं. २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने पाळीच्या दुखण्यावरच्या चिनी वनौषधींचे एकूण ३९ प्रयोग आणि त्यांतल्या ३,४७५ स्त्रियांची माहिती तपासली. निष्कर्ष: चिन्हं आशादायक आहेत, पण प्रयोगांची आखणी कच्ची आहे. माझंही मत साधारण तेच. काढा गुणकारी असू शकतो. पण ज्याच्यात शरीरावर परिणाम करण्याची ताकद आहे तो आपल्याला हवा तेवढाच परिणाम करून गप्प बसेल, असं कुणी सांगितलं?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेव्हर्स नावाचे एक डच डॉक्टर पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क देत होते. अल्सरला आराम पडे, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज येई. १९४६ मध्ये त्यांनी ते छापलं. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत जेरोम कॉन यांच्यासमोर असाच कोड्याचा रुग्ण आला: रक्तदाब चढलेला, रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं. ही अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक अति झाल्याची खूण. आणि तो विकार कॉन यांच्याच नावाने ओळखला जातो, म्हणजे ते चुकण्यातले नव्हते. तरी या रुग्णाच्या रक्तात अल्डोस्टेरॉन जवळपास नव्हतंच. रुग्णाला ज्येष्ठमधाची मिठाई खायची सवय होती.

अल्डोस्टेरॉनचं ठाणं मूत्रपिंडात. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर वगळता सगळा परत घेतात. या प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात किती सोडियम परत घ्यायचं आणि किती पोटॅशियम लघवीवाटे जाऊ द्यायचं, हे अल्डोस्टेरॉन ठरवतं. त्यासाठी ते पेशीतल्या एका रिसेप्टरला जाऊन बसतं. रिसेप्टर हे कुलूप, अल्डोस्टेरॉन ही किल्ली. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी या कुलपाचं जनुक वेगळं काढलं, तेव्हा एक पंचाईत समोर आली. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं ते प्रसिद्ध संप्रेरक, या कुलपात तितकंच चपखल बसतं. आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या शंभर ते हजार पट असतं. मग कुलूप कायम कॉर्टिसॉलनेच उघडलेलं राहायला हवं, तुमचा-आमचा रक्तदाब कायम चढलेला हवा. तसं होत नाही. का?

उत्तर १९८८ च्या सुमारास एडिंबरा आणि मेलबर्न इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दिलं. कुलूप जिथे आहे त्याच पेशीत ११-बीटा-एचएसडी-२ नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. कॉर्टिसॉलच्या रेणूत अकराव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट असतो. किल्लीचा दात म्हणा. एन्झाइम त्या जागचे दोन हायड्रोजन काढून घेतं, दात घासला जातो आणि कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन होतं. घासलेल्या किल्लीने कुलूप उघडत नाही. आता चाणाक्ष वाचक विचारेल, की अल्डोस्टेरॉनलाही अकराव्या कार्बनवर तोच दात आहे, तो कसा वाचतो? इथे मी दर वेळी थक्क होतो. अल्डोस्टेरॉनच्या अठराव्या कार्बनवर एक अल्डिहाइड असतं. ते वळून अकराव्यावरच्या हायड्रॉक्सिलला जोडलं जातं आणि दोघांचं मिळून एक छोटं वर्तुळ बनतं. दात त्या वर्तुळात दुमडला गेला, की एन्झाइमच्या हाती लागतच नाही. एका वळलेल्या बंधावर आपलं सोडियम-पोटॅशियमचं गणित उभं आहे.

ज्येष्ठमधाची चव ज्यामुळे गोड लागते, त्या ग्लिसिरायझिनला आतड्यातले जिवाणू तोडतात, त्याचे साखरेसारखे दोन तुकडे गळतात आणि ग्लिसिरेटिनिक ॲसिड उरतं. त्याचा सांगाडा स्टेरॉइडसारखाच, फक्त कड्या चारऐवजी पाच. हे ॲसिड एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतं आणि घासण्याचं काम बंद पाडतं. कॉर्टिसॉल दातासकट कुलपापर्यंत पोचतं. सोडियम साचतं, पाणी साचतं, पोटॅशियम वाहून जातं. कुलूप उघडंच आहे असं पाहून शरीर अल्डोस्टेरॉन बनवणं कमी करतं, म्हणून कॉन यांना ते दिसलं नाही. एडिंबराच्या गटाने हे निरोगी स्वयंसेवकांना ज्येष्ठमध खायला घालूनच दाखवलं होतं.

ज्यांची मधल्या कार्बनांमध्ये वाट चुकली त्यांनी एवढंच धरावं: ज्येष्ठमध मीठ अंगात धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं. पोटॅशियम फार घसरलं की स्नायू दुबळे पडतात, गोळे येतात, हृदयाचा ठेका बिघडतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधला एक बांधकाम कामगार रोज दीड पाकीट काळी ज्येष्ठमध-मिठाई खायचा. तो याच कारणाने दगावला. २०२० मध्ये त्याची बातमी जगभर झाली.

प्रमाणाचा हिशेब असा. युरोपीय तज्ज्ञ समितीने दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही बहुतेकांसाठी सुरक्षित मर्यादा मानली आहे. वाळलेल्या मुळात ते दोन टक्के जरी धरलं, तरी सहा ग्रॅम मुळात १२० मिलिग्रॅम होतं. सगळं अर्कात उतरतं असं नाही, पण आकडा मर्यादेला खेटून आहे. म्हणूनच जपानमधल्या पुडीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की पोटॅशियम कमी असेल, स्नायूंचा विकार असेल किंवा अल्डोस्टेरॉन वाढलेलं असेल तर हे औषध देऊ नये. ज्या देशात हा काढा सर्वांत शिस्तीत वापरला जातो, त्याच देशात त्याच्याबद्दल एवढी काळजी घेतात!

यावरून कुणी बाळगुटीतलं ज्येष्ठमध काढून टाकू नये. सहाणेवर दोन वेढे उगाळल्याने पोटात जातं ते नगण्य. घसा बसल्यावर कांडी चघळणाऱ्या गवयालाही मी काही सांगायला जाणार नाही. गरोदरपणात मात्र हात आखडता हवा. तेच एन्झाइम वारेतही असतं आणि आईच्या कॉर्टिसॉलपासून गर्भाला जपतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची मिठाई फार आवडीने खातात. तिथल्या अभ्यासात गरोदरपणी आठवड्याला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लिसिरायझिन घेतलेल्या आयांची मुलं बौद्धिक चाचण्यांत काहीशी मागे आढळली. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण यंत्रणा समोर असताना धोका कशाला पत्करायचा?

पाळीच्या दोन-तीन दिवसांपुरता हा काढा जाणकाराच्या देखरेखीखाली घेणं वेगळं आणि ‘पाळी नियमित करायला’, ‘शरीर डिटॉक्स करायला’ सहा महिने रोज घेणं वेगळं. (डिटॉक्सचं काम मूत्रपिंडं फुकटात करतात, इथे आपण त्यांच्याच कामात खोडा घालतोय.) रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. पाकिटावर ज्येष्ठमध, यष्टीमधु, मुलेठी, गान्काओ, कान्झो यांपैकी काहीही लिहिलेलं असलं तरी वस्तू तीच. पायावर सूज आली, गळून गेल्यासारखं वाटलं किंवा रक्तदाब अचानक वाढलेला सापडला, तर डॉक्टरांना गोळ्यांबरोबर काढेही सांगा, ते बहुधा स्वतःहून विचारत नाहीत. आणि काढा गेल्या आठवड्यातच बंद केला असेल तरी सांगा. तो थांबवल्यावर एन्झाइमचं काम पूर्ववत व्हायला दोन आठवडेही लागू शकतात.