पासवर्डमधला डॉलर कोण गिळतं?

पासवर्ड फाइलीत डोळ्यांसमोर दिसतोय, तरी डेटाबेस म्हणतो, चुकीचा आहे. कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पेटी) चालवणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. अशा वेळी पासवर्डात डॉलर आहे का, ते आधी बघावं.

कुठला कंटेनर कोणत्या सेटिंगने सुरू करायचा, हे डॉकर कंपोज या साधनाच्या यामल फाइलीत लिहिलेलं असतं. (यामल म्हणजे सेटिंग लिहायची एक पद्धत.) यामलला $ म्हणजे इतरांसारखंच एक चिन्ह. पण यामल वाचून झालं की कंपोज त्यातल्या मूल्यांवरून पुन्हा हात फिरवतं. $ आणि त्याला चिकटून नाव दिसलं की ते व्हेरिएबल (बाहेरून किंमत दिलेलं नाव) समजून त्याची किंमत तिथे भरतं. तसं व्हेरिएबलच नसेल, तर एक इशारा छापून जागा रिकामी सोडतं. म्हणजे ‘मेघ$राज’ हा पासवर्ड कंटेनरात नुसता ‘मेघ’ होऊन पोचतो. (खऱ्या फाइलीत अक्षरं रोमन, एवढाच फरक.)

शेलची (आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रामची) सवय असलेला माणूस लगेच एकेरी अवतरणचिन्हं लावतो, कारण शेलमध्ये त्यांच्या आतला डॉलर तसाच राहतो. ती यामल आधीच काढून टाकतं, कंपोजला दिसतच नाहीत. दुहेरी अवतरणात \$ लिहिलं तर यामलच अडून बसतं. असा एस्केप (चिन्हाचा खास अर्थ काढून टाकणारी खूण) त्याच्या नियमांत नाही. मूल्यात खरा डॉलर हवा असेल तर $$ लिहायचं. कंपोज त्यातला एकच पुढे पाठवतं.

बीक्रिप्टचा हॅश (पासवर्डपासून बनवलेली, उलट न फिरवता येणारी अक्षरांची माळ) 60 अक्षरांचा असतो, सुरुवात बहुधा $2y$10$ अशी. डॉलरपाठोपाठ आकडा आला की ते नाव होऊ शकत नाही, त्यामुळे कंपोज त्रुटी देऊन थांबतं. माझ्या मते हे गुपचूप गिळण्यापेक्षा कितीतरी बरं. तिन्ही डॉलर दुप्पट केले की काम झालं.

खरी मेख हेल्थचेकमध्ये, म्हणजे कंटेनर ठीक चाललाय का या तपासणीत आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस तयार आहे का, हे तपासणाऱ्या आज्ञेत युजरचं नाव व्हेरिएबलमधून घ्यायचंय. एक डॉलर लिहिला, तर ते व्हेरिएबल कंपोज चालवणाऱ्या मशीनवर शोधलं जातं. दोन लिहिले, तर एक डॉलर कंटेनरात पोचतो आणि तिथलं शेल आतली किंमत भरतं. मात्र आज्ञा शेलशिवाय थेट चालवली असेल, तर तो उरलेला डॉलर सोडवायला आत कुणीच नसतं. युजरच्या नावाऐवजी व्हेरिएबलचं नाव डॉलरसकट जसंच्या तसं पोचतं.

कुबरनेटिसची (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीची) रीत निराळी. तिथे आज्ञेत किंवा एन्व्हायर्नमेंटच्या (कंटेनराला दिलेल्या व्हेरिएबलच्या) मूल्यात $(नाव) असं कंसात लिहिलं तरच किंमत भरली जाते, आणि ते टाळायला $$(नाव). व्हेरिएबल सापडलं नाही तर मजकूर आहे तसाच राहतो. त्यामुळे तोच हॅश तिथे डॉलर दुप्पट न करता चालतो, आणि कंपोजमधून उचलून आणलेला दुप्पट डॉलरवाला हॅशही त्या जागी चालतो, कारण $$ चा तिथेही एकच $ होतो.

शंका आली की ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ चालवावं. किंमती भरून झालेली फाइल समोर येते. नव्या आवृत्त्यांत तिथेही $$ दिसेल. ती चूक नव्हे: छापलेली फाइल पुन्हा कंपोजला देता यावी, म्हणून कंपोज स्वतःच डॉलर परत दुप्पट करतं.