बांधावरचा रोव्हर आणि आकाशातली घड्याळं

करवीर किंवा कागल तालुक्यात आज जमिनीची मोजणी निघाली की मोजणीदाराच्या हातात साखळी क्वचितच दिसते. दिसते ती एक उंच काठी आणि तिच्या टोकाला बसवलेला रोव्हर, म्हणजे उपग्रहांचे संदेश पकडणारा रिसीव्हर. काठी बांधाच्या कोपऱ्यावर धरायची आणि स्क्रीनवर 'फिक्स' येण्याची वाट बघायची. फिक्स मिळाला की कोपरा काही सेंटिमीटरच्या आत ठरतो. 'फ्लोट', म्हणजे जागा अजून पक्की नाही, असं दाखवत राहिला तर मोजणीदार, दोन्ही भाऊ आणि पंच म्हणून आलेले शेजारी सगळेच थांबतात. अर्ध्या गुंठ्याच्या वादासाठी त्या वेळी अमेरिका, रशिया, युरोप आणि चीन यांचे उपग्रह एकाच वेळी साक्षीला असतात. भारताचा वाटा त्यात अजून थोडाच आहे. तो थोडा का राहिला, याच्या हकिकतीत रॉकेटांपेक्षा घड्याळांचा भाग मोठा आहे.

सुरुवात 4 ऑक्टोबर 1957 ची. सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ त्याचा रेडिओ संदेश ऐकत बसले. उपग्रह जवळ येताना संदेशाची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) वाढते, लांब जाताना कमी होते. तेवढ्या चढउतारावरून त्यांनी जमिनीवर बसल्या बसल्या स्पुटनिकची कक्षा काढली. 1958 मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला: उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? प्रश्नामागे कुतूहल होतं तशी गरजही होती. पोलारिस क्षेपणास्त्रं घेऊन फिरणाऱ्या अमेरिकी पाणबुड्यांना भर समुद्रात स्वतःची नेमकी जागा कळत नव्हती, आणि स्वतःची जागा चुकली तर अण्वस्त्राचा नेमही चुकणार. त्यातून ट्रान्झिट ही यंत्रणा उभी राहिली आणि 1964 पासून नौदलाच्या कामाला लागली. म्हणजे आज आपण हॉटेलचा पत्ता शोधतो ते तंत्र जन्मलं अण्वस्त्रांच्या पोटी.

ट्रान्झिटमध्ये जागा कळायला बराच वेळ थांबावं लागे. 1973 मध्ये पेंटागॉनने जीपीएसचा आराखडा ठरवला आणि 1978 मध्ये त्याचा पहिला उपग्रह गेला. यातली कल्पना सोपी आहे, करणं महाकठीण. प्रत्येक उपग्रह सतत 'आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजले' एवढंच सांगत असतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला, त्यावरून उपग्रहाचं अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकलं की जागा 300 मीटरने सरकते. शिवाय आइन्स्टाइनचा हिशेब वेगळाच. त्या उंचीवर आणि त्या वेगात उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे पळतं. ते आधीच दुरुस्त करून ठेवलं नाही तर दिवसभरात चूक 10 किलोमीटरच्या वर जाईल. म्हणून उपग्रहात रुबिडियम किंवा सिझियमची अणुघड्याळं बसवतात. आपल्या मोबाइलात मात्र साधं स्वस्त घड्याळ असतं, आणि त्याची चूक काढायला एक जादा उपग्रह लागतो. त्यामुळे तिघांनी भागत नाही, किमान चार उपग्रह दिसावे लागतात. हा चारचा आकडा लक्षात असू द्या.

ही लष्करी चीज सर्वांना खुली होण्यामागे एक विमानहल्ला आहे. 1 सप्टेंबर 1983 रोजी कोरियन एअरलाइन्सचं 007 क्रमांकाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि सखालिन बेटाजवळ सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. 269 माणसं गेली. त्याच महिन्यात रेगन सरकारने जाहीर केलं की जीपीएस पुरं झालं की नागरी वापरासाठी मोफत मिळेल. पण हात राखून. नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, साधारण 100 मीटरची. बिनचूक संदेश सांकेतिक होता आणि त्याची किल्ली फक्त अमेरिकेच्या आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या सैन्याकडे. गंमत बघा, 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याकडेच लष्करी रिसीव्हर पुरेसे नव्हते, त्यांनी बाजारातले नागरी रिसीव्हर वापरले, आणि त्यासाठी ही मुद्दाम मिसळलेली चूक काही काळ बंद करावी लागली.

आपल्याकडे हा विषय निघाला की कारगिलची गोष्ट हमखास येते: 1999 मध्ये भारताने जीपीएसची माहिती मागितली आणि अमेरिकेने नाकारली. व्हॉट्सअॅपवर तर ती दर 26 जुलैला येते. माझ्या मते त्या गोष्टीवर इतका भार टाकायची गरजच नाही. कोणी काही मागितलं नसतं आणि कोणी काही नाकारलं नसतं, तरी त्या उन्हाळ्यात द्रासच्या डोंगरात नागरी रिसीव्हर धरलेल्या जवानाला 100 मीटर इकडेतिकडेचीच जागा दिसणार होती. 100 मीटर म्हणजे त्या भूभागात कड्याची ही बाजू की ती बाजू. परावलंबनाला नकाराचीही वाट बघावी लागत नाही. पुढच्याच वर्षी, 2 मे 2000 पासून, क्लिंटन यांच्या आदेशाने ही चूक कायमची काढून टाकली गेली. मोबाइलातला नकाशा शक्य झाला तो त्यानंतर.

तोवर इतरांनी आपापला मार्ग धरला होता. सोव्हिएत संघाने 1982 पासून ग्लोनास उभारली; देश मोडल्यावर पैशाअभावी तिचे मोजकेच उपग्रह चालू उरले आणि ती पुन्हा पूर्ण व्हायला 2011 उजाडलं. युरोपने नागरी ताब्यातली गॅलिलिओ काढली, तिच्या सेवा डिसेंबर 2016 मध्ये सुरू झाल्या. चीनने 2000 पासून टप्प्याटप्प्याने बायदू वाढवत नेली आणि 2020 मध्ये ती जगभर पसरली.

भारताने 2006 मध्ये वेगळा, आटोपशीर विचार केला. सगळं जग व्यापण्याच्या फंदात न पडता फक्त आपला देश आणि भोवतालचा सुमारे 1500 किलोमीटरचा पट्टा धरायचा, त्यासाठी सातच उपग्रह, तेही इतके उंच की सतत आपल्या डोक्यावर राहतील. मंजूर झाले 1420 कोटी रुपये. जुलै 2013 मध्ये पहिला उपग्रह गेला, एप्रिल 2016 मध्ये सातवा, आणि यंत्रणेचं नाव ठेवलं गेलं नाविक. सातही इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटनेच गेले. कागदावर काम फत्ते.

आणि मग घड्याळं बंद पडू लागली. प्रत्येक उपग्रहात तीन रुबिडियम घड्याळं होती, ती स्वित्झर्लंडच्या स्पेक्ट्राटाइम कंपनीकडून घेतलेली. पहिल्याच उपग्रहातली तिन्ही 2016 मध्ये गेली. उपग्रह धडधाकट, रेडिओ चालू, सौरपट्ट्या चालू; पण वेळ सांगता येत नाही म्हटल्यावर दिशादर्शनाला तो कुचकामी. त्याच कंपनीची घड्याळं गॅलिलिओच्या उपग्रहांतही होती आणि जानेवारी 2017 मध्ये युरोपीय अवकाश संस्थेनेही आपली नऊ घड्याळं बंद पडल्याचं सांगितलं. म्हणजे खोट एकट्या इस्रोच्या पदरात नव्हती. पण युरोपकडे उपग्रहांची संख्या होती, आपल्याकडे मोजून सात. बदली म्हणून ऑगस्ट 2017 मध्ये सोडलेला उपग्रह रॉकेटचं उष्णतारोधक आवरण न सुटल्याने आतच अडकून राहिला. त्याच्या जागी एप्रिल 2018 मध्ये आणखी एक गेला. देशी रुबिडियम घड्याळ अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरमध्ये तयार झालं आणि 29 मे 2023 ला नाविकच्या नव्या एनव्हीएस मालिकेतल्या एनव्हीएस-01 या उपग्रहातून पहिल्यांदा वर गेलं. घड्याळ करायला कुणी बंदी घातली नव्हती, विकत मिळत होतं म्हणून ते आपण उशिरा केलं. हे मला या सगळ्यात सर्वांत बोचतं.

आता कोल्हापूरच्या आकाशाकडे येऊ, कारण या विषयाचा एक धागा थेट शिवाजी विद्यापीठाच्या आवारात येतो. उपग्रहाचा संदेश खाली येताना आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या एका थरातून येतो. सूर्याच्या किरणांनी तिथले अणू फुटून विद्युतभारित होतात आणि संदेशाला उशीर लावतात. आपल्या अक्षांशांवर, सूर्य तापलेला असताना, या उशिराने जागा दहा-पंधरा मीटरने आणि कधी त्याहून जास्त सरकते. अमेरिका-युरोपच्या बऱ्याच भागात हे आयनांबर तुलनेने शांत असतं. आपल्याकडे तसं नाही. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. विक्रम साराभाईंनी रॉकेट सोडायला केरळातलं थुंबा निवडलं ते त्यासाठीच, आणि 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. या विषुववृत्तावर दिवसा विद्युतभारित कण वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तर-दक्षिणेला उतरतात. उत्तरेची त्यांची रास पडते साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. 16.7 अंश उत्तरेवरचं कोल्हापूर बरोबर मधल्या वाटेवर.

सूर्य मावळला की खरा गोंधळ. विषुववृत्तावर आयनांबराच्या तळातून कमी घनतेचे बुडबुडे सुटतात आणि शेकडो किलोमीटर वर चढतात. बुडबुडा जितका उंच, तितका त्याचा पसारा उत्तरेकडे लांब. त्यातून येणारा संदेश लुकलुकतो, कधी तुटतो. हे बुडबुडे दिसतात कसे, तर भारतीय भूचुंबकत्व संस्थेने विद्यापीठात बसवलेल्या सगळं आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून. सुमारे 250 किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन 630 नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात मंद चमकत असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. बुडबुडा आला की त्या तांबड्या पार्श्वभूमीवर उत्तर-दक्षिण काळे पट्टे उमटतात आणि पूर्वेकडे सरकत जातात. कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की अर्थातच हे काम थांबतं. शेजारीच मध्यम कंप्रतेचा रडार आहे, तो 80 ते 98 किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतो. विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र पन्हाळ्यावरही आहे. पन्हाळा आपण पावनखिंड आणि झुणका-भाकरीसाठी ओळखतो, एवढ्यावरच आपली ओळख थांबते.

भूचुंबकत्व संस्थेचा वारसाही जाता जाता सांगण्यासारखा आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून चुंबकीय वेध विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अलिबागला हलवले. तिथे नोंदी आजही चालू आहेत.

या आकाशाचा तोटा मोजणीदाराला फारसा होत नाही, कारण मोजणी दिवसा चालते आणि जवळच्या स्थिर केंद्राशी तुलना करून उशीर वजा होतो. विमानाचं तसं नाही. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून विमानांसाठी गगन ही सुधारणा-यंत्रणा उभारली तेव्हा भारतावरच्या आयनांबरासाठी वेगळं गणित मांडावं लागलं. 2015 मध्ये तिला विमान धावपट्टीकडे उतरवतानाच्या मार्गदर्शनासाठीही मान्यता मिळाली. नाविकने सुरुवातीपासून दोन एकमेकींपासून लांबच्या कंप्रता घेतल्या, एल-5 आणि एस. उशीर कंप्रतेनुसार बदलतो, त्यामुळे दोन्ही ऐकणारा रिसीव्हर तो स्वतःच काढू शकतो. मोबाइल कंपन्यांना मात्र जीपीएसची एल-1 ही कंप्रता हवी होती, ती एनव्हीएस मालिकेत आली.

निसर्गाच्या जोडीला आता माणसंही संदेश बिघडवतात. 20 हजार किलोमीटरवरून आलेला जीपीएसचा संदेश इतका क्षीण असतो की जमिनीवरचा छोटा प्रक्षेपक तो दाबू शकतो, किंवा खोटा संदेश घुसडू शकतो. युक्रेन युद्धात हे रोजचं झालं, बाल्टिक समुद्रावरची प्रवासी विमानं त्यात सापडली, पश्चिम आशियात जहाजं नकाशावर भलत्याच विमानतळांवर उभी दिसू लागली. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली विमानतळाजवळ विमानांना खोटे संदेश मिळाल्याचं सरकारने संसदेत मान्य केलं. नाविकचा नागरी संदेशही याला अपवाद नाही. फरक इतकाच की सांकेतिक संदेशाची किल्ली आपल्या हातात राहते.

त्या किल्लीसाठी वर उपग्रह मात्र हवेत. 29 जानेवारी 2025 ला एनव्हीएस-02 श्रीहरिकोटाच्या शंभराव्या उड्डाणातून गेला, पण कक्षा उंचावणाऱ्या इंजिनाला ऑक्सिडायझर देणारी झडप उघडली नाही आणि तो ठरलेल्या जागी पोहोचलाच नाही. जुलै 2025 मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार आजवरच्या 11 उपग्रहांपैकी जागा सांगणारे फक्त चार चालू होते. आणखी चार केवळ एकमार्गी संदेश प्रसारणाच्या कामात, एक निवृत्त, दोन ठरलेल्या कक्षेत न पोहोचलेले. चार म्हणजे लागतात तेवढेच, राखीव एकही नव्हता. एनव्हीएस-03, 04 आणि 05 यांचं वेळापत्रक त्याच उत्तरात दिलं होतं, प्रत्येकात सहा महिन्यांचं अंतर ठेवून.