तंबू गळतो की तंबूला घाम फुटतो?

जानेवारीत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात एका कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेच्या कडेला, मालकाला विचारून आम्ही तंबू ठोकला होता. खाली ओहोळ, वर निरभ्र आभाळ, कित्येक दिवसांत पावसाचा थेंब नाही. पहाटे पाचच्या सुमारास भाच्याने मला हलवून उठवलं. "मामा, तंबू गळता मरे! कपाळावर थेंब पडला." बॅटरी मारून पाहिलं तर वरच्या कापडाची आतली बाजू बारीक थेंबांनी भरली होती आणि त्याच्या स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक ओलं झालं होतं. घरी आल्यावर दोन संध्याकाळी बसून मी प्रत्येक शिवणीवर सीलर, म्हणजे टाक्यांची भोकं बुजवणारा लेप, लावला आणि वरच्या हवेच्या झडपाही बंद केल्या. पुढच्या खेपेला तंबूत आधीपेक्षा जास्त पाणी होतं.

पाऊसच नाही तर गळणार काय? ते पाणी आमचंच होतं. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. आम्ही दोघे होतो, म्हणजे अर्धा लिटर. झडपा बंद करून मी त्याची बाहेर जायची वाटच अडवली होती.

गळणं आणि घाम फुटणं यातला फरक गोव्याच्या घरात कोणाला शिकवावा लागत नाही. कौल सरकलं की पाणी एकाच जागी टपटपतं आणि आपण खाली बादली ठेवतो. पावसाळ्यात दमट वारा आत शिरला की लाद्या घामेजतात, तेव्हा कोणी छपरावर चढत नाही. तंबूत मात्र दोन्हीला आपण 'गळती'च म्हणतो आणि चुकीचा उपाय करत बसतो.

संध्याकाळी हवा २८ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू साधारण साडेएकोणीस अंश असतो. त्याहून थंड झालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. निरभ्र रात्री तंबूचं वरचं कापड आपली उष्णता थेट आभाळाकडे टाकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतं. त्यात ओहोळाकाठची ओल आणि उतारावरून खाली उतरणारी गार हवा. ती मोकळी, सपाट, सुंदर जागा मीच निवडली होती, आणि घाम फुटण्यासाठी तिच्याहून अनुकूल जागा शोधून सापडली नसती.

आता ओळखायचं कसं? गळती एका ठिकाणाहून येते: शिवण, झिपची कड, दोरी बांधायच्या कडीभोवतीचे टाके. पुसली तरी थोड्या वेळाने तिथेच पुन्हा ओल दिसते. घाम सगळीकडे पसरतो, डोक्याच्या बाजूला जास्त, आणि शिवण असो वा नसो, त्याला फरक पडत नाही. फसवणारा प्रकार एकच. जोरदार सरीत वरच्या कापडाला हादरे बसतात, आत जमलेले थेंब सुटतात आणि त्याखालच्या आतल्या तंबूच्या जाळीतून बारीक तुषार अंगावर येतात. कापडातूनच पाऊस झिरपतोय असं वाटतं. अशा वेळी वरचं कापड आतून एकदा पंच्याने पुसून घ्यावं. तुषार थांबले तर तो घाम होता.

खात्री करायची तर ती घरच्या अंगणात करावी, म्हादईच्या किंवा मोल्याच्या रानात परवानगी काढून पोचल्यावर नाही. मी आता प्रत्येक तंबूच्या दोन परीक्षा घेतो. पहिली रिकाम्या तंबूची. नीट ताणून उभा करायचा आणि बागेच्या पाईपने वीसेक मिनिटं वरून आणि बाजूंनी पाणी मारायचं. मग आत जाऊन शिवणींवरून कोरडा टिश्यू फिरवायचा. आत श्वास घेणारं कोणी नव्हतं, त्यामुळे जे पाणी सापडेल ते बाहेरूनच आलेलं. दुसरी परीक्षा कोरड्या रात्रीची. त्याच तंबूत दोघांनी झोपायचं. सकाळी जे पाणी दिसेल ते घामाचं.

तळाची परीक्षा वेगळी घ्यावी लागते, कारण तिथे आपलं वजन पडतं. ओलं गोणपाट जमिनीवर पसरून त्यावर तंबूचा तळ टाकावा, वर टिश्यू ठेवून गुडघे टेकून मिनिटभर बसावं. टिश्यू भिजला तर तळ पाझरतो. चटईखाली सकाळी ओल दिसते आणि या परीक्षेत टिश्यू कोरडा राहतो, तर ती ओल बहुधा वरूनच आलेली, थंड तळावर धरलेली.

इथे मिलिमीटरचा एक घोळ आहे. तंबूवर '३००० मिमी' लिहिलेलं असतं आणि गोव्यात वर्षाला पाऊसही साधारण ३००० मिलिमीटर पडतो. त्यामुळे तंबू पूर्ण पावसाळा काढेल अशी समजूत होते. या दोन आकड्यांचा संबंध नाही. तंबूवरचा आकडा दाबाचा आहे. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी पाणी फुटलं की त्या क्षणीचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात. ३००० म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० ग्रॅम. साठ किलोचा माणूस दोन गुडघ्यांवर बसला आणि टेकलेली जागा शंभर चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब ६०० ग्रॅम होतो. छपराला पुरणारा आकडा तळाला अपुरा पडू शकतो, तो असा. आणि घामाबद्दल तर हा आकडा काहीच सांगत नाही.

गळतीवर उपाय सरळ आहे. शिवणीला सीलर लावायचा, पण कापडावरच्या पाणी अडवणाऱ्या थराला जुळणारा: सिलिकॉनच्या थराला सिलिकॉनचाच, पॉलियुरेथेनला पॉलियुरेथेनचा. उलट लावला तर तो सोलून निघतो. जुना तंबू घेत असाल तर आतून हात फिरवून बघा. आपल्या दमट कपाटात ओला घडी करून ठेवलेल्या तंबूचा पॉलियुरेथेनचा थर चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येतो. तसा तंबू घेऊ नका, तो सीलरने सुधारत नाही.

घामावर उपाय हवेचा. डासांसाठी जाळीची झिप लावा, पण वरच्या झडपा उघड्या ठेवा आणि बाहेरच्या कापडाची कड जमिनीपासून चार बोटं वर ताणा. ओले कपडे आत आणू नका. आत चूल पेटवू नका. तिची वाफ तर त्रास देतेच, पण कोंडलेल्या जागेत तिचा विषारी वायू माणसाला झोपेतून उठू देत नाही.

फेब्रुवारीत आम्ही परत त्याच कुळागरात गेलो. तोच तंबू ओहोळापासून तीसेक पावलं वर, माडा-पोफळींच्या दाट सावलीत लावला. डोक्यावर झापं असली की कापड आभाळाकडे तेवढी उष्णता टाकत नाही. पहाटे भाच्याने स्वतःच बॅटरी मारली, हात वर करून कापडावर बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. बोट नुसतं दमट होतं. तो कूस बदलून पुन्हा झोपला.