उन्हाळ्यातला पिवळा टोमॅटो: रंग अडलेला की उन्हाने भाजलेला?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर गेला की टोमॅटोचं कॅरेट उघडताच एकच वाक्य कानावर येतं, "उन्हानं माल पिवळा पडला." या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी आहेत. ती ओळखली नाहीत तर चांगलं फळ भाजलेल्या फळाच्या भावात जातं, आणि मला ते फार लागतं.

पहिलं दुखणं रंग अडण्याचं. टोमॅटो पिकताना हरितद्रव्य मोडतं आणि लायकोपीन हे लाल रंगद्रव्य बनतं. त्याला 20 ते 24 अंश तापमान मानवतं. फळ 30 अंशांच्या वर तापून राहिलं की लायकोपीन बनणं जवळजवळ थांबतं, पण नारिंगी बीटा कॅरोटीन बनत राहतं. त्यामुळे फळ मऊ होतं, पिकतं, तरी नारिंगीच राहतं. शिवाय उघड्या उन्हातलं फळ हवेपेक्षा 10 अंशांनीही जास्त तापलेलं असू शकतं. आपल्या केळीवाल्यांना असाच प्रकार ठाऊक आहे: फार उष्णतेत पिकवलेली केळी आतून मऊ होते, साल मात्र हिरवीच. तिथे हिरवा रंग जायचा अडतो, इथे लाल यायचा.

दुसरं दुखणं भाजण्याचं. पानं करपून फळ उघडं पडलं की ऊन लागलेल्या बाजूला पांढुरका-पिवळा चट्टा उठतो. तिथल्या पेशी मेलेल्या असतात. चट्टा कागदासारखा सुकतो, खोल जातो, पुढे त्यावर काळी बुरशी धरते.

फळ हातात फिरवून पाहा. चट्टा एकाच बाजूला, कड स्पष्ट, तर ते भाजलेलं. पिवळेपणा देठाभोवती किंवा सगळीकडे पसरलेला आणि साल धड, तर रंग अडलेला.

अडलेला रंग पुन्हा चालू होऊ शकतो. खालच्या टोकाला गुलाबी झाक दिसताच भल्या सकाळी तोडा आणि कूलरच्या खोलीत सावलीला पसरा. पिकायला उजेड लागत नाही, 30 च्या खालचा गारवा लागतो. फ्रिजमध्ये मात्र नको. 10 अंशांखालीही लाली येत नाही.

भाजलेला चट्टा भरून येत नाही. त्याचा इलाज झाडावरच, आधी: पानं जपायची, जमल्यास शेडनेट लावायची.