किडा विषाने नाही, तहानेने मरतो

मे महिना सरत आला की व्हॉट्सॲपवर तोच निरोप फिरू लागतो: तांदळाच्या डब्यात काड्यापेटीतल्या दहा-बारा काड्या टाका, किडे पळून जातील. कुणी लवंगा सांगतं, कुणी तमालपत्र, कुणी सुक्या मिरच्या. यंदा व्हिडिओही आला. डब्यात काड्या टाकल्या आणि सोंडे झाकणाकडे चालू लागले! चालू लागले असतील. तांदूळ ताटात पसरून उन्हात ठेवले तरी सोंडे असेच काठाकडे निघतात, त्याला काडी लागत नाही. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड आणि चिकटवायला सरस असतो. हे सगळं भातात कशाला हवंय, हा प्रश्न निरोप पुढे ढकलणाऱ्याला पडत नाही.

उग्र वासाने डब्यात फिरणारे मोठे किडे थोडेफार बिचकतात, हे खरं आहे. पण साठवणीच्या धान्याचं बरंचसं नुकसान फिरणाऱ्या किड्यांचं नसतं. ते करते दाण्याच्या आत बसलेली अळी, आणि तिच्यापर्यंत लवंगेचा वास पोचत नाही.

तांदूळ, गहू, ज्वारीतला सोंडा आपल्या सोंडेने दाण्याला भोक पाडतो. मादी त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट द्रावाचं बूच बसवते. अंडं, अळी, कोष सगळं त्या एका दाण्यात उरकतं आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात महिन्याभराने नवा सोंडा बाहेर येतो. मूग, मटकी, चवळी, हरभऱ्यातला भुंगा वेगळा. तो अंडं दाण्याच्या आत घालत नाही, सालीवर चिकटवतो. हे अंडं भिंगातून बघण्यासारखं असतं. ताजं असताना ते काचेसारखं नितळ, त्यामुळे सहसा लक्षातच येत नाही. आतली अळी बाहेर हवेत येत नाही. ती अंड्याच्या बुडातूनच साल कुरतडून थेट मुगात शिरते आणि कुरतडलेला भुसा मागे, रिकाम्या टरफलात ढकलत जाते. टरफल भुशाने भरलं की ठिपका पांढरा दिसू लागतो. म्हणजे मुगावर पांढरे ठिपके आपल्याला दिसतात तेव्हा अळी आत पोचलेली असते, आणि वरून काहीही चोळलं तरी तिला फरक पडत नाही.

मग आपल्याकडे कडधान्यं राखेत घोळवून ठेवत, ते उगाच का? अजिबात नाही. उपाय चांगला आहे, फक्त तो किडीच्या आधी करायचा असतो. आणि राख काम कशी करते ही गोष्ट मला इतकी आवडते की वाचकाने थोडी कळ काढावी.

किड्याच्या अंगावर कायटिनचं कवच असतं, हे शाळेत शिकवतात. पण अंगातलं पाणी अडवण्याचं काम मुख्यतः ते कवच करत नाही. ते करतो कवचावरचा मेणाचा थर, आणि त्याची जाडी मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही, अंशात मोजावी लागते. किड्यासाठी हा थर म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. ३ मिलिमीटरचा किडा आणि दीड मीटरचा माणूस यांच्या लांबीत ५०० पट फरक आहे. घडण ढोबळमानाने सारखी धरली तर आकारमानाच्या मानाने किड्याची कातडी आपल्यापेक्षा ५०० पट जास्त भरते. पाणी उडून जायला एवढी जागा, आणि आत साठा थेंबभराचासुद्धा नाही. शिवाय सोंड्याला डब्यात पाणी प्यायला मिळत नाही. धान्यातला १०-१२ टक्के ओलावा आणि अन्न जाळताना शरीरात तयार होणारं पाणी, यावर त्याचं भागतं. कडधान्यातला मोठा भुंगा तर खाल्ल्यापिल्ल्याशिवायच राहू शकतो. अळी असताना जमवलेल्या पुंजीवर आठ-पंधरा दिवस जगायचं, अंडी घालायची, संपलं.

१९३५ साली रॅमसे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने झुरळाच्या अंगातून पाणी किती वेगाने उडतं ते मोजलं. ३० अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत वेग बेताचा होता, त्यापुढे एकदम वाढला. झुरळाच्या अंगावर पाण्याचा बारीक थेंब ठेवला तर तो वाळेना, कारण अंगावरचा स्निग्ध पदार्थ थेंबावर पसरून त्याचीही वाफ रोखत होता! झुरळाच्या मेणात मुख्यतः २७ कार्बन अणूंची लांब साखळी असते आणि तिच्यात दोन ठिकाणी दुहेरी बंध असतात. दुहेरी बंधापाशी साखळीला बाक येतो, बाकदार साखळ्या एकमेकींना खेटून नीट रचल्या जात नाहीत, म्हणून हे मेण पातळ राहतं. थंडीत तूप थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल पातळच राहतं, त्यामागेही हाच बाक आहे. झुरळ हाताला तेलकट लागतं ते यामुळे. बऱ्याच किड्यांचं मेण याहून घट्ट असतं, पण पुरेशी उष्णता लागली की तेही सैल पडतं आणि पाणी सुटू लागतं.

पुढे १९४०च्या दशकात ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ विन्सेंट विगल्सवर्थ यांनी रोडनियस हा रक्त शोषणारा ढेकणाचा भाऊबंद घेतला आणि कुरुंदासारखी कठीण पूड भुरभुरलेल्या कागदावर त्याला चालायला लावलं. तो भराभर सुकला. नुसती पूड अंगावर टाकून त्याला निश्चल ठेवलं तर मात्र फारसं काही झालं नाही. म्हणजे कणांमध्ये विषारी असं काही नव्हतं, चालताना पोट घासलं जात होतं. ते ओरखडे त्यांनी दिसतेही केले. चांदीच्या क्षाराचं अमोनियायुक्त द्रावण लावलं की मेण शाबूत असलेली जागा तशीच राहते, आणि जिथे मेण खरवडलं गेलंय तिथे खालच्या थरातली फेनॉल नावाची रसायनं चांदीला भिडून तपकिरी रेघा उमटतात. पुढे कॅलिफोर्नियात कीटकशास्त्रज्ञ वॉल्टर एबलिंग यांनी दाखवलं की ओरखडेच हवेत असं नाही. सिलिकासारखे (वाळूत असते तीच) सच्छिद्र कण मेण नुसतं शोषूनही घेतात. राखेतही सिलिका असते आणि भाताच्या तुसाची राख तर बहुतांश सिलिकाच.

राख आणखी एक काम करते. दाण्यांमधल्या फटी बुजवते, त्यामुळे भुंग्याला दाण्यादाण्यावर फिरता येत नाही. म्हणूनच चिमूटभर राखेने काही होत नाही, फटी भरतील इतकी ती लागते. राख साध्या लाकडाची किंवा गोवरीची हवी. रंग लावलेल्या फळ्यांची किंवा कचऱ्याची नको. आणि ती कोरडी हवी. कोकणातल्या आषाढ-श्रावणात उघड्या डब्यातली राख ओल धरते आणि हवाच इतकी दमट असते की किड्याचं पाणी उडत नाही. देशावर चालणारा उपाय कोकणात फसतो तो एवढ्यासाठी.

मला सगळ्यात मजेची वाटते ती हवाबंद डब्याची गोष्ट. डबा घट्ट बंद केला की आतले किडे ऑक्सिजन संपवतात आणि गुदमरून मरतात, असं आपण समजतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले लॅरी मर्डॉक आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली चवळीच्या भुंग्याबद्दल दाखवलं ते वेगळंच. अन्न जाळून पाणी बनवायला ऑक्सिजन लागतो. तो कमी झाला की अळी खाणं थांबवते, पाणी बनणं थांबतं आणि ती हळूहळू सुकून मरते. तीही तहानेनेच! डबा मात्र काठोकाठ भरलेला हवा. अर्ध्या रिकाम्या पिंपात हवा भरपूर उरते, आणि रोज झाकण उघडलं तर नवी येते.

तूरडाळीला एरंडेल चोळतात, त्याची तऱ्हा निराळी. तेल अंड्याचा श्वास कोंडतं आणि गुळगुळीत दाण्यावर अंडं नीट चिकटतही नाही. कडधान्याच्या भुंग्यावर हा उपाय चांगला चालतो. तांदळातल्या सोंड्याचं अंडं आत बूच लावून बसलेलं, त्याला तेलाचं काय? कडक ऊन मात्र दोघांनाही सोसत नाही. गच्चीच्या लादीवर पातळ पसरलेलं धान्य पन्नाशीच्या वर तापलं की किड्याच्या अंगातलं मेणापासून प्रथिनांपर्यंत सगळंच बिघडतं.

आता थोडं कडू. धान्यात पाऱ्याच्या टिकड्या ठेवण्याची चाल अजून काही घरांत आहे. तिचा उपयोग होतो म्हणूनच ती धोक्याची: पाऱ्याची वाफ किड्याला बाधते तशी आपल्या मेंदूला आणि मूत्रपिंडालाही बाधते. बोरिक पावडर तांदळाला चोळणंही बंद करावं. कणकेत गोळ्या करून ओट्यामागे, लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवली तर ती झुरळांवर छान काम करते, कारण झुरळ मिशा-पाय चाटून साफ करतं आणि ती त्याच्या पोटात जाते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना तर घरात थाराच देऊ नये. ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्यांचाही जीव जातो. भिंतीत खोचायच्या, ‘न ऐकू येणाऱ्या आवाजाने’ झुरळं पळवणाऱ्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ साली साठहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना इशारापत्रं पाठवली होती. आपल्याकडे ती अजून जोरात खपतात. कापूर जाळून झुरळं आणि नकारात्मक ऊर्जा एकदम जाते म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. झुरळं तिथेच असतात एवढं सांगतो.

समोर आलेल्या झुरळावर साबणाचं पाणी मारून बघा. नुसतं पाणी त्याच्या मेणावरून ओघळतं, कारण पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल ठेवणारी पृष्ठभागाची ओढ, साधारण ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो. साबणाने तो ३०च्या आसपास उतरतो, पाणी मेणाला भिजवतं आणि अंगावरच्या श्वासरंध्रांच्या १० जोड्यांतून आत शिरतं. झुरळ काही मिनिटांत उताणं पडतं.

रवा, बेसन, वरीचे तांदूळ थोडेच असतात, त्यांना राख चालत नाही आणि तेलही नाही. घट्ट बांधलेल्या पिशवीत तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना ठेवले की अंड्यांसकट सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतला रवा खोलीइतका ऊबदार होऊ द्यायचा, नाहीतर हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते, आणि मग किडा नाही पण बुरशी नक्की येते.